धुके पाडणारे

मराठीत धुके पडते. ते कोणी पाडीत नाही. पाऊस, थंडी, दंव यांच्याप्रमाणे त्याचाही कर्ता निसर्ग, आणि निसर्गाकडून कैफियत मागविण्याची सोय कोणत्याही सरकारदरबारी नसल्यामुळे आपण ऊन वर येण्याची स्वस्थपणे वाट पाहतो. इंग्रजी भाषेने मात्र धुक्याचे एक असे क्रियापद घडविले आहे, की ज्याला कर्त्यावाचून उभे राहता येत नाही आणि कर्मावाचून त्याचे भागत नाही. 'बिफॉग' हे ते क्रियापद. 'फॉग' म्हणजे धुके, आणि त्याच्या आरंभी बसलेला 'बि' हा त्या भाषेतील एक जुनाट उपसर्ग, ज्याच्या अंगी सर्व बाजूंनी व्यापून टाकण्याचा गुण आहे : किल्ल्याला वेढा घालणे म्हणजे 'बिसीज', माणसावर चेटूक करणे म्हणजे 'बिविच', आणि एखाद्याला धुक्याने वेढून टाकणे म्हणजे 'बिफॉग'. सतराव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास प्रचारात आलेल्या ह्या शब्दाचा वाच्यार्थ खाडी, बंदर, दीपगृह, चष्म्याची काच यांच्यापुरता मर्यादित असला, तरी त्याच्या लक्ष्यार्थाने माणसाची बुद्धी, सभेतील वादविषय, न्यायालयातील दावा आणि मंत्र्याचे निवेदन इतका मोठा मुलूख काबीज केला. त्याच अर्थाचे दुसरे क्रियापद 'मिस्ट' हे विरळ धुक्याचे. ते इंग्रजांनी डोळ्यांसाठी राखून ठेवले. डोळे 'मिस्ट' होतात ते मायेने किंवा वियोगाने, आणि त्याचा दोष कोणी कोणाला देत नाही. बुद्धी 'बिफॉग' होते तेव्हा मात्र ते धुके पाडले कोणी, हा प्रश्न त्या क्रियापदाच्या पोटातच असतो.

धुक्याला कर्ता असू शकतो, ही कल्पना आपल्या पूर्वजांना अपरिचित होती असे समजण्याचे कारण नाही. महाभारताच्या आदिपर्वात यमुनेच्या पात्रात नौका वल्हविणारी सत्यवती, दोन्ही तीरांवर ऋषी उभे आहेत आणि ते पाहत आहेत, अशी हरकत घेते, तेव्हा पराशर मुनी वाद न घालता तेथल्या तेथे नीहार उत्पन्न करतात आणि तो सारा प्रदेश झाकून टाकतात. ज्या व्यासांच्या नावावर हे महाकाव्य आहे त्यांचाच जन्म त्या बुद्ध्या पाडलेल्या धुक्यात झाला, ही गोष्ट कथेकऱ्याने किती सहजपणे सांगून टाकली आहे! व्याकरणकारांनीही ह्या क्रियेची रीतसर नोंद केली. मेघ, अभ्र इत्यादी नामांपासून 'ते ते करणे' ह्या अर्थी क्रियापदे साधण्याची आज्ञा पाणिनीने दिली आणि त्या सूत्रावरील वार्तिकाने तिच्यात नीहाराची भर घातली. त्यामुळे 'नीहारायते', म्हणजे धुके करतो, असे रूप संस्कृतात निर्वेधपणे सिद्ध होते. इंग्रजीतील 'मिस्ट' आणि आपला 'मेघ' ही दोन्ही एकाच प्राचीन धातूची अपत्ये आहेत, हे भाषाशास्त्रज्ञांनी केव्हाच ठरविले आहे. पण ह्या सर्वांहून मला विलक्षण वाटते ते ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील विश्वकर्म्याच्या सूक्तातील एक स्थळ. ज्याने हे सारे निर्माण केले त्याला न ओळखता स्तोत्रे गात हिंडणाऱ्या पंडितांविषयी तो ऋषी म्हणतो, की ही माणसे नीहाराने आणि जल्पनेने, म्हणजे धुक्याने आणि वटवटीने, वेढलेली आहेत. धुके आणि वटवट ह्यांची ही जोडी बांधणाऱ्या त्या द्रष्ट्याला लक्षणेचे वर्म पुढच्या कित्येक साहित्यशास्त्र्यांपेक्षा अधिक कळले होते.

ते वर्म समजून घ्यावयाचे तर आधी वाच्यार्थातील धुक्याची चौकशी केली पाहिजे. हवामानखात्याच्या व्याख्येप्रमाणे जेथे एक किलोमीटरच्या पलीकडचे दिसेनासे होते तेथे धुके आहे असे समजावे. त्याहून लांबवर दिसत असेल तर ती नुसती विरळ धुई. रात्री जमीन आपली उष्णता आकाशात टाकून निवते, तिच्या लगतची दमट हवा थंड होते, आणि हवेला आपल्यातील बाष्प पेलेनासे झाले म्हणजे त्याचे अतिसूक्ष्म थेंब बनून तरंगू लागतात. येथपर्यंतचे ज्ञान जुने आहे. परंतु थंड झालेल्या बाष्पाला थेंब होण्यासाठी आणखी कशाचा तरी आधार लागतो, हे स्कॉटलंडातील फॉल्कर्क गावच्या जॉन एटकिन ह्या गृहस्थाने १८८० च्या अखेरीस दाखवून दिले. त्याचा प्रयोग मोठा साधा होता. काचेची दोन पात्रे घेऊन त्याने एकात नेहमीची हवा ठेवली, दुसऱ्यात कापसाच्या बोळ्यातून गाळून घेतलेली, आणि दोहोंत वाफ सोडली. पहिले पात्र पांढऱ्याशुभ्र धुक्याने भरून गेले; दुसऱ्यात वाफ तितकीच असूनही काहीच दिसेना. हवेत धूळ नसेल तर धुके नाही आणि ढगही नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकणे हा आपला वाक्प्रचार, आणि त्यांना धुक्याने वेढणे हा इंग्रजांचा; दोन्ही भाषा एकाच लबाडीविषयी बोलत होत्या, आणि त्या दोन प्रतिमांचे नातेही किती सख्खे आहे, हे एटकिनच्या पात्रांनी उघडकीस आणले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एक घनमीटर धुक्यात असणारे पाणी सामान्यतः अर्ध्या ग्रॅमहून अधिक भरत नाही. एवढेसे पाणी वाटीत घेतले तर तिचा तळही धड ओला होणार नाही. पण त्याचेच कोट्यवधी कण करून हवेत विखुरले, की समोरचा डोंगर नाहीसा होतो. शिवाय धुक्यात काळोख नसतो. काळोखात प्रकाशच नसतो, त्यामुळे एक पणती लावली तरी त्याचा बंदोबस्त होतो. धुक्यात प्रकाश सर्वत्र असतो, परंतु प्रत्येक कणावर आपटून तो दशदिशांना उधळला गेल्यामुळे वस्तूपासून डोळ्यापर्यंत सरळ येणारा किरण त्या गर्दीत हरवतो. म्हणूनच पावसाळ्यात घाट चढणारा अनुभवी ट्रकचालक धुके दाटले की दिव्यांचा झोत वाढवीत नाही, उलट खाली झुकवितो; प्रखर झोत टाकावा तर तोच परत येऊन त्याचे डोळे दिपवितो. 'बिफॉग' ह्या क्रियापदाची लाक्षणिक ताकद नेमकी येथे आहे. अज्ञानी मनुष्य अंधारात असतो आणि त्याला माहिती दिली म्हणजे त्याचे काम होते. धुक्यात सापडलेल्या मनुष्याला मात्र माहितीचा तुटवडा नसतो, आणि त्याच्यावर आणखी माहिती ओतली तर त्याची अवस्था अधिकच बिकट होते. असे धुके पाडणाऱ्याला फार मोठे असत्य बोलावे लागत नाही. थोडेसे सत्य घेऊन त्याचे पुरेसे बारीक तुकडे केले, म्हणजे त्याचा कार्यभाग साधतो.

ह्या क्रियापदाचे दोन्ही अर्थ एकाच नगरीत नांदले, ती नगरी लंडन. तेथील दगडी कोळशाच्या धुराविरुद्ध जॉन एव्हलिनने १६६१ सालीच एक पुस्तिका लिहून ती राजाला सादर केली होती. राजाने ती वाचली असेल, धूर कमी झाला नाही. पुढील दोन शतकांत कारखाने वाढले, घरोघरच्या चुली वाढल्या, आणि थेम्सवरून येणाऱ्या निसर्गदत्त धुक्याला काजळीची जोड मिळून त्याचा रंग पिवळट झाला. १८५२ साली चार्ल्स डिकन्सने 'ब्लीक हाउस' ही कादंबरी मासिक भागांनी प्रसिद्ध करावयास आरंभ केला, तेव्हा तिच्या पहिल्याच प्रकरणात त्याने नदीवर, गल्ल्यांत, जहाजांच्या डोलकाठ्यांवर आणि म्हाताऱ्यांच्या घशात शिरणारे धुके वर्णन करीत करीत वाचकाला हळूहळू लिंकन्स इनच्या दिवाणखान्यात नेले आणि त्या धुक्याच्या गाभ्यात चॅन्सरी न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश बसलेले दाखविले. वाच्यार्थ कोठे संपला आणि लक्ष्यार्थ कोठे लागला, हे वाचणाऱ्याला कळतही नाही. त्या न्यायालयात जार्नडाइस घराण्याचा एक वारसाहक्काचा दावा पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. अर्ज, प्रत्यर्ज, शपथपत्रे, मुदतवाढी आणि नकलांवर नकला यांनी दप्तरे फुगली आहेत. आणि अखेरीस निकालाची वेळ येते तेव्हा सारी इस्टेट खर्चातच खलास झाली आहे असे आढळून येते. डिकन्सच्या ह्या रागाला स्वानुभवाचे इंधन होते : १८४४ साली 'ए ख्रिसमस कॅरल' ह्या कथेची चोरटी आवृत्ती काढणाऱ्यांवर त्याने ह्याच न्यायालयात फिर्याद लावली होती. फिर्याद तो जिंकला, प्रतिवादींनी दिवाळे काढले, आणि सुमारे सातशे पौंडांचा खर्च विजयी फिर्यादीच्याच माथी बसला. कादंबरीनंतर सुमारे वीस वर्षांनी पार्लमेंटने चॅन्सरीचे स्वतंत्र अस्तित्व संपविले. घरोघरच्या चुलींना हात लावण्यास मात्र आणखी सुमारे ऐंशी वर्षे लागली.

त्या धुक्याचे चाहतेही होते, हे सांगितले पाहिजे. क्लोद मोने हा फ्रेंच चित्रकार १८९९ ते १९०१ ह्या अवधीत वारंवार लंडनला आला तो धुक्याच्या ओढीने. सॅव्हॉय हॉटेलच्या खिडकीतून त्याने वॉटर्लू आणि चेरिंग क्रॉस येथील पूल पुनःपुन्हा रंगविले आणि पार्लमेंटची इमारत नदीपलीकडून पाहून रंगविली. खिडकीतून पाहणाऱ्याला धुके नेहमीच सुंदर वाटते. त्याच सुमारास, १९०५ मध्ये, डॉक्टर दे व्हो यांनी धूर आणि धुके ह्यांच्या संकराला 'स्मॉग' हे नाव दिले.

शुक्रवार, ५ डिसेंबर १९५२ रोजी त्या संकराने आपले खरे स्वरूप दाखविले. उच्च भाराच्या हवेने लंडनवर ठाण मांडले, वारा पडला, वरची हवा उबदार आणि खालची थंड, असा उलटा थर बसल्यामुळे चिमण्यांतून निघणारा धूर वर जाईना. महायुद्धाच्या कर्जापायी उत्तम कोळसा परदेशी रवाना होत होता आणि लोकांच्या वाट्याला गंधकयुक्त हलका चुरा आला होता. थंडी वाढली म्हणून लोकांनी तो अधिक जाळला, आणि जाळला म्हणून धुके अधिक दाटले. बसपुढे वाहक हातात बत्ती घेऊन पायी चालू लागला, आणि पुढे तर बसगाड्या बंदच कराव्या लागल्या. स्मिथफील्डच्या प्रदर्शनासाठी आणलेली निवडक गुरे गुदमरून मेली. ८ तारखेला सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात 'ला त्राव्हियाता' ह्या संगीतिकेचा पहिला अंक कसाबसा पार पडला. पुढे प्रेक्षागारातच धुके इतके भरले, की खेळ थांबवावा लागला. ९ तारखेला वारा सुटला आणि आकाश मोकळे झाले. प्रेते किती पडली ह्याचा अंदाज तोवर कोणालाच आला नव्हता. तो आला तो नोंदणीदप्तरातील मृत्यूंचे आकडे जुळविल्यावर.

येथून पुढची हकीकत आमच्या क्रियापदाच्या दुसऱ्या अर्थाची आहे. सुमारे चार हजार माणसे नेहमीपेक्षा अधिक मेली, असे सरकारने डिसेंबरातील पहिल्या काही आठवड्यांपुरते मान्य केले. परंतु मृत्यूंचे प्रमाण त्यानंतरही कित्येक आठवडे चढेच राहिले होते, आणि हे नंतरचे मृत्यू आरोग्यखात्याने इन्फ्लुएंझाच्या खात्यावर जमा करून टाकले. आकडे खोटे नव्हते, नोंदी गहाळ झाल्या नव्हत्या. फक्त मुदतीची रेघ कोठे ओढावयाची आणि कोणती रक्कम कोणाच्या नावे मांडावयाची, एवढाच कारकुनी निर्णय घेतला गेला, आणि तेवढ्याने हजारो मृत्यू अर्धशतकभर दिसेनासे झाले. २००१ साली मिशेल बेल आणि देव्रा डेव्हिस ह्या दोन संशोधक स्त्रियांनी त्या काळच्या नोंदींची नव्याने रुजवात घेतली, तेव्हा इन्फ्लुएंझाने त्या मृत्यूंपैकी अल्प अंशाचाच उलगडा होतो आणि त्या धुक्याच्या बळींची संख्या बारा हजारांच्या घरात जाते, असे त्यांना आढळले. ह्यातला अमुक एक अधिकारी दुष्ट होता असे म्हणता येणार नाही. चौकशीला पुढे सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला, आणि लंडनचे ते पिवळे धुके यथावकाश इतिहासजमा झाले.

ज्या १९५२ साली लंडन गुदमरले त्याच साली अमेरिकेत रॉबर्ट गनिंग ह्या गृहस्थाने गद्यातील धुके मोजण्याचे माप प्रसिद्ध केले, हा योगायोग मौजेचा आहे. वृत्तपत्रांना आणि व्यापारी पेढ्यांना सुबोध लेखनाचा सल्ला देणे हा त्याचा व्यवसाय. त्याची रीत अशी : उताऱ्यातील प्रत्येक वाक्यात सरासरी शब्द किती ते काढावे, शंभर शब्दांत तीन किंवा अधिक उच्चारावयवांचे शब्द किती ते पाहावे, दोहोंची बेरीज करून तिला ०.४ ने गुणावे. येणारा आकडा हा त्या मजकुराचा 'फॉग इंडेक्स', म्हणजे तो एका वाचनात समजण्यासाठी शाळेच्या किती इयत्ता पार केलेल्या असाव्यात त्याचा अंदाज. बाराच्या वर गेला की सर्वसाधारण वाचकांपैकी पुष्कळांची वाट चुकणार. युक्ती उपयुक्त आहे आणि सरकारी जाहीरनाम्यांचे मसुदे करणाऱ्यांच्या मेजावर ती टांगून ठेवावी इतकी उपयुक्त आहे. तरीही ती सरसकट मान्य करणे मला कठीण जाते, आणि ते केवळ प्रस्तुत लेख त्या मापाने पार बुडेल एवढ्याच कारणासाठी नव्हे. प्रत्यय लावून शब्द लांबविणे हा ज्या भाषेचा स्वभाव, त्या मराठीत 'करण्यासाठी' हा बिचारा गरीब शब्दही गुन्हेगार ठरतो. आणि दुसरे असे, की आरोग्यखात्याने मृत्यू इन्फ्लुएंझाच्या खात्यावर लिहिले ते आखूड वाक्यांत आणि सोप्या शब्दांत. गनिंगचे माप वाक्याचे धुके मोजते. हिशेबाचे धुके त्याच्या हाती लागत नाही.

युद्धशास्त्रातही हा शब्द मुरला आहे. प्रशियाचा सेनानी क्लाउझेविट्झ याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १८३२ पासून प्रसिद्ध केलेल्या युद्धविषयक ग्रंथात, रणांगणावरील कृती ज्या गोष्टींवर अवलंबून असतात त्यांतील तीन चतुर्थांश अनिश्चिततेच्या धुक्यात असतात, असा विचार मांडलेला आहे. त्याच्यापूर्वी दोनशे वर्षे, १६३२ साली लुट्झेनच्या लढाईत स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ खऱ्याखुऱ्या धुक्यात आपल्या लोकांपासून दुरावला आणि मारला गेला. अशा उदाहरणांची जर्मन सेनानींना वानवा नव्हती.

मात्र एक प्रांत असा आहे, की जेथे हे क्रियापद आपला स्वभावच पालटते, आणि तो म्हणजे छायाचित्रण. फिल्मला नको तेथे प्रकाश लागला आणि ती सबंध काळवंडली, की आपल्याकडील स्टुडिओवालेही 'फिल्म फॉग झाली' असेच म्हणत. १८९६ च्या आरंभी पॅरिसमध्ये आंरी बेकरेल याने काळ्या कागदात गुंडाळलेल्या काचपट्टीवर युरेनियमचे क्षार ठेवून ती खणात ठेवून दिली होती. आकाश अभ्राच्छादित असल्यामुळे ऊन क्षारांना मिळाले नव्हते, तरीही पट्टी धुवून पाहतो तो तिच्यावर क्षारांच्या आकृती उमटलेल्या. ऊन नव्हते, प्रकाश नव्हता, आणि पट्टी फॉग झाली होती. ह्या एका बिघाडातून किरणोत्सर्गाचा शोध लागला आणि १९०३ चे नोबेल पारितोषिक क्यूरी दांपत्याबरोबर बेकरेलला मिळाले.

याहूनही बोलका प्रसंग १९४५ चा. १६ जुलै रोजी पहाटे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली. त्या लखलखाटाने आसपासचे लोक जागे झाले, तेव्हा जवळच्या हवाई तळाच्या प्रमुखाच्या नावे एक निवेदन वृत्तपत्रांना देण्यात आले, की दूरच्या एका दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला आणि जीवितहानी झाली नाही. निवेदन आगाऊ तयार करून ठेवलेले होते. पुढे काही महिन्यांत रॉचेस्टर येथील कोडॅक कंपनीच्या क्षकिरण फिल्मवर काळे ठिपके दिसू लागल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. कंपनीचा पदार्थवैज्ञानिक ज्यूलियन वेब याने शोध लावीत लावीत दोष फिल्ममध्ये नसून तिच्या वेष्टनातील गवती पुठ्ठ्यात आहे हे काढले. तो पुठ्ठा इंडियानातील व्हिन्सेन्स गावच्या गिरणीत ६ ऑगस्ट १९४५ रोजी तयार झाला होता, आणि चाचणीच्या जागेपासून ती गिरणी हजार मैलांहून अधिक दूर होती. पुठ्ठ्यातील किरणोत्सर्ग सुमारे महिन्याभरात निम्म्यावर येत होता, तेव्हा ते रेडियम असणे शक्यच नव्हते. ते सिरियमचे एक असे रूप होते, की जे अणुविभाजनातून निर्माण होते. वाळवंटातील ती धूळ वाऱ्यावरून आली, पावसाने नदीत उतरली, आणि नदीचे पाणी गिरणीत वापरले गेले. लोकांना धुक्यात ठेवण्यासाठी केलेल्या निवेदनाने आपले काम चोख बजावले होते. त्याच स्फोटाच्या कणांनी पाडलेल्या धुक्यातून वेबने तो स्फोट हुडकून काढला. आपले निष्कर्ष त्याने १९४९ साली 'फिजिकल रिव्ह्यू' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुठ्ठ्यातील किरणोत्सर्गी मिसळीमुळे फिल्मचे 'फॉगिंग', असे त्या निबंधाचे साधे कारखानी शीर्षक होते.